वस्तीवरच्या एका कारवानीपासून: आमची वाटचाल

आमच्याकडे पहिली कारवान कुत्री आली तेव्हा हा आपला व्यवसाय होईल असं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. २००९ची गोष्ट. जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर डाळिंबाचा बहर धरला होता आणि तोड जवळ आली की रात्रीत फळं जायची. तात्या दोन रात्री जागले, तिसऱ्या रात्री त्यांचा डोळा लागला आणि सकाळी बांधालगतच्या दोन ओळी मोकळ्या झालेल्या. हे कानावर गेलं तसे जमखंडीचे मामा जीपमध्ये मागं एक कुत्री घालून आले. वाळूच्या रंगाची, दहा महिन्यांची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आई म्हणाली, "अरे, हिला आधी पोटाला घाल. ही काय राखण करणार?" मामा म्हणाले, "अक्का, ही अशीच असते. फक्त हिला साखळीला बांधू नका."

आईनं तिचं नाव सोनी ठेवलं. पहिले तीन दिवस ती कुणाजवळ आली नाही. भाकरी दुधात कुस्करून ठेवली की आम्ही लांब गेल्यावर खायची. चौथ्या रात्री ती एकदाच भुंकली, खोल आवाजात. मी बॅटरी घेऊन बागेत गेलो तर बांधाच्या अलीकडं तिघं जण क्रेट घेऊन उभे आणि पलीकडं त्यांची मोटारसायकल. सोनी त्या दोहोंच्या मध्ये उभी होती. मान वर, शेपूट खाली, तोंडातून आवाज नाही. तिघांपैकी जो हलेल त्याच्या अंगानं ती सरकायची, पण अंतर कमी करायची नाही. एक जण पळाला. तो वीस पावलं गेला नसेल, तोवर ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात. तो मटकन खालीच बसला. तिनं त्याला दात लावला नाही. मी तिला हाक मारली तेव्हा ती बाजूला झाली आणि ते तिघं क्रेट टाकून निघून गेले.

आज चौदा-पंधरा वर्षांनी लोक फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "चावतो का?" तेव्हा मला ती रात्र सांगावीशी वाटते. कारवान पुढं होऊन अंगावर जाणारा कुत्रा नाही. तो पाहतो, ओळखतो आणि आपल्यात आणि परक्यात जागा धरून उभा राहतो. त्याची सगळी राखण त्या जागेत आहे. हे ज्याला पटतं त्यालाच आम्ही पिल्लू देतो.

२०११ मध्ये मुधोळकडच्या एका जाणत्या माणसाचा नर आणून सोनीला दाखवला. ६३ दिवसांनी सहा पिल्लं झाली. चार सोयऱ्याधायऱ्यांत गेली, एक सांगोल्याच्या बागाईतदारानं तीन हजार रुपये हातावर ठेवून नेलं. मी पैसे घ्यायला तयार नव्हतो. तात्या म्हणाले, "घे. फुकट मिळालेल्या जनावराला कोण जपतो?" पुढच्या वर्षी द्राक्षवाल्यांकडून, बेदाण्याच्या शेडवाल्यांकडून विचारणा यायला लागली. २०१३ला मी गोठ्याशेजारी दहा गुंठे जागा कुंपण घालून वेगळी केली आणि याच कामाला लागलो.

या कुत्र्याबद्दल थोडं सांगतो, कारण नावातच घोळ आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये आले, म्हणून आपल्याकडं कारवान किंवा कारवानी. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून तिकडं मुधोळ. केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅराव्हान हाउंड' म्हणून नोंद करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात राजपालयम, रामपूर आणि हिमालयन शीपडॉगबरोबर हा होता. ती तिकिटं मी फ्रेम करून पिल्लांच्या खोलीत लावली आहेत. येणारा प्रत्येक जण ती बघतो, आणि मला ते आवडतं.

दिसायला म्हणाल तर पहिल्या नजरेत तो उपाशी वाटतो. डोकं लांब आणि अरुंद, कानांच्या मध्ये जरा रुंद. जबडा लांब, पण पकड जबरदस्त. डोळे मोठे, बदामी, आणि ते तुमच्याकडं न बघता तुमच्या पलीकडं बघत असतात. कान डोक्याला लागून पडलेले. मान लांब. छाती खोल, थेट कोपरापर्यंत उतरलेली, आणि तिथून पोट एकदम वर ओढलेलं. पाठ लांब, कमरेत हलकी कमान, शेपूट मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती. नर ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच, मादी ६४ ते ६८. रंग वाळूचा, तांबूस, करडा, काळा, कधी पांढऱ्या डागांचा. मामा रंगाकडं बघायचेच नाहीत. ते कुत्र्याच्या कमरेवर हात ठेवायचे आणि दोन्ही खुब्यांच्या हाडांमध्ये बोटं बसवून बघायचे. चार बोटं आडवी बसली पाहिजेत. मग पुढचे पंजे बघायचे: सशासारखे लांबट, बोटं मिटलेली. मी आजही खरेदीला गेलो की आधी हात कमरेवरच जातो.

याच जातीत लांब केसांचा असतो तो पश्मी. कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागं रेशमी झालर. चांगली पश्मी मादी मिळवायला मला चार वर्षं लागली. साधा कारवान अजून गावोगाव दिसतो, शुद्ध किती हा प्रश्न वेगळा, पण पश्मी खरोखर कमी उरला आहे.

अंगावर चरबी जवळजवळ नसते, हे प्रत्येक मालकाला मी दोनदा सांगतो. थंडीत फरशीवर झोपवला की कोपरांना घट्टे पडतात. खाली गोणपाट किंवा पाचट पाहिजेच. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगायची, कारण अशा सडपातळ धावणाऱ्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात आणि ते शुद्धीवर यायला फार वेळ घेतात. आमचा हिरा रानडुकरानं मांडीत फाडला होता तेव्हा आमच्या डॉक्टरांनी औषध बदललं. टाके घालून झाल्यावरही ते तासभर त्याच्याजवळ बसून होते.

२०१४ आमचं सगळ्यात वाईट वर्ष. पाहुण्याच्या घरून परत आलेल्या एका पिल्लाबरोबर पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग, आला. मला तेव्हा कळत नव्हतं की बाहेरून आलेलं जनावर पंधरा दिवस वेगळं ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी एक पिल्लू सुस्त झालं, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण, आणि आठवड्यात नऊपैकी सात पिल्लं गेली. रात्रभर सलाईन धरून बसायचो. शेवटचं पिल्लू माझ्या मांडीवर गेलं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून वरची माती काढून टाकली, फरशी ब्लिचिंगनं धुतली आणि वर्षभर एकही वेत धरलं नाही. त्या वर्षात बागेच्या पैशावर घर चाललं. आजही नवीन कुत्रं आलं की त्याच्याकडं जायची चप्पल, त्याची बादली आणि त्याला हात लावणारा माणूस वेगळा.

शिकवण्याबद्दल लोकांच्या कल्पना फार वेगळ्या आहेत. बाहीला फडकं गुंडाळून कुत्र्याला चावायला लावायचं, असं आम्ही करत नाही. आम्ही तीन गोष्टी शिकवतो. हाकेला परत येणं, कोंबड्या-करडांवर न धावणं, आणि हद्द. यातली पहिली सगळ्यात अवघड. कारवान नजरेनं शिकार करणारा आहे. समोरून काही पळालं की त्याचे कान बंद होतात. म्हणून चार महिन्यांचं असल्यापासून रोज दोन वेळा लांब दोरीवर बांधाबांधानं फिरवायचं, तेही मालकानंच, निदान तीन आठवडे. गड्याला पाठवून चालत नाही, कारण तो ज्याच्याबरोबर हद्द फिरतो त्याचीच राखतो. आणि हात उचलायचा नाही. दुसऱ्या जातीचा कुत्रा मार विसरतो, हा विसरत नाही. ससे, कोल्हे यांच्यामागं सोडायला पिल्लू पाहिजे असेल तर आम्ही देत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि तसं आम्ही पावतीवरच लिहून सही घेतो.

राजाची गोष्ट इथं सांगायला हवी. २०१७ला एका शहरातल्या बंगल्यावर आम्ही त्याला दिला. माणूस चांगल्या घरचा, बोलायला गोड. आठ महिन्यांनी फोन आला की कुत्रं पिसाळल्यासारखं करतंय, घेऊन जा. गेलो तर राजा फाटकाजवळ दीड मीटरच्या साखळीला. गळ्याला जखम, डोळे कुठंच ठरत नव्हते. दुधवाल्याला तो चावला होता. त्यात राजाचा काय दोष? परका जवळ येतोय आणि मागं सरकायला जागा नाही, एवढंच त्याला आठ महिने कळत होतं. वस्तीवर आणल्यावर तो दीड महिना बाजेखालून दिवसा बाहेर आला नाही. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं पाठ करून बाजेवर बसायचो, हात खाली सोडून. एकेचाळिसाव्या दिवशी हाताला ओलं नाक लागलं. त्यानंतर आम्ही नियम केला: घेणाऱ्यानं पिल्लू नेण्याआधी तीन वेळा इथं यायचं, आणि नंतर आम्ही एकदा त्याची जागा बघायला जाणार. गिऱ्हाईक यामुळं कमी झालं. ते परवडलं.

३० ऑगस्ट २०२०ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन ठेवायला फुरसत नव्हती. भारतीय लष्करानं या जातीची पिल्लं २०१६ मध्येच मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरकडं, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या विभागाकडं नेली होती, पण लोकांना ते आता कळलं. पुण्या-मुंबईतून लोक गाडी घेऊन निघायला तयार. आमच्याकडं तेव्हा द्यायला एकच वेत, पाच पिल्लं, तीही सहा आठवड्यांची. २०१७च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादीला १८ महिन्यांआधी लावता येत नाही, वर्षातून एकच वेत आणि आयुष्यात पाचच. आम्ही तीनावरच थांबतो. मादीचं अंग मोडतं, ते रोज डोळ्यांसमोर असतं.

त्या लाटेत खूप नुकसान झालं. भागात ग्रेहाउंड या वेगवान विलायती कुत्र्याचा संकर आधीपासून होता, शर्यतीसाठी. आता तीच पिल्लं कारवान म्हणून जायला लागली. आमच्याकडून नर नेलेल्या एकानं तो ग्रेहाउंड माद्यांवर वापरला आणि पिल्लं आमच्या वंशाची म्हणून विकली. मला हे कळलं तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. संकराचं पिल्लू वाईट असतं असं मी म्हणत नाही. ते धावतं, कदाचित जास्तच. पण त्याला आपल्या उन्हाची सवय नसते आणि वस्तीची ओढ नसते, आणि एकदा रक्त मिसळलं की चार पिढ्यांचं काम पुसलं जातं. तेव्हापासून प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसवल्याशिवाय ते कुंपणाबाहेर जात नाही आणि आई-बाप, आजी-आजोबा यांची नोंद कागदावर देतो. पैदाशीचा नर आम्ही आता कुणालाच विकत नाही.

मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र काढलं. ते पुढं न्यायालयांत टिकलं नाही, पण त्या महिन्याभरात आमच्याकडं वेगळ्याच प्रकारची विचारणा आली: "तसलाच, पण देशी." अशांना मी चहा पाजतो, राजाशेजारी बसवतो आणि अर्धा तास काही बोलत नाही. काही जण उठून जातात. काही जण नंतर विचारतात की हा आपल्याकडं बघत का नाही. मग बोलणं सुरू होतं.

सध्या आमच्याकडं अकरा मोठी कुत्री आहेत, त्यांत तीन पश्मी. सोनी २०२१ला गेली, साडेबारा वर्षांची होऊन, बांधावरच्या लिंबाखाली तिला पुरली. तिची नात मैना आता बाग राखते. गेल्या रविवारी मंगळवेढ्याच्या एक ताई तिसऱ्यांदा आल्या. मालक वारले, दोन मुली, मळ्यात एकटं घर. पहिल्या दोन खेपांना त्यांनी एकही पिल्लू उचललं नव्हतं, नुसत्या पायरीवर बसून होत्या. या वेळी मैनाच्या वेतातली तांबूस मादी स्वतः उठून गेली आणि त्यांच्या लुगड्याचा काठ हुंगून शेजारी बसली, तोंड रस्त्याकडं करून. आठ आठवडे गुरुवारी भरतात. जागा बघायला मी आणि आई बुधवारी जाणार आहोत.