पर्चेस कोड नसलेलं गिऱ्हाईक

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी तिकीट, म्हणजे सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार, आलं: "तुमच्या प्लगइनमुळे आमची साइट हॅक झाली आहे. आजच्या आज दुरुस्त करा, नाहीतर एक स्टार देऊ आणि पोलिसात जाऊ." पर्चेस कोडचा, म्हणजे प्लगइन विकत घेणाऱ्याला मिळणाऱ्या क्रमांकाचा, रकाना रिकामा होता.

अशी तिकिटं आम्हाला नवीन नाहीत. माझी जोडीदारीण डिझाइन बघते, मी कोड लिहिते. ऐरोलीत बसून वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन्स, बनवायची आणि कोडकॅनियन या ऑनलाइन बाजारपेठेत विकायची, हा आमचा धंदा. त्यातलं सगळ्यात खपणारं प्लगइन वूकॉमर्सच्या, म्हणजे वर्डप्रेसवर चालणाऱ्या ऑनलाइन, दुकानांसाठी आहे. गिऱ्हाइकाने डिलिव्हरीची तारीख आणि वेळ निवडायची, एवढंच त्याचं काम. घेणारे जवळजवळ सगळे बाहेरचे. जर्मनीतले बेकरीवाले, हॉलंडचे फुलवाले, ऑस्ट्रेलियातला एक खाटीक. नातेवाइकांना वाटतं की आम्ही घरबसल्या "ऑनलाइन काहीतरी" विकतो, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नाही.

किंमत ३९ डॉलर. आम्ही सुरुवात केली तेव्हा फक्त तिथेच विकणाऱ्याकडूनसुद्धा कोडकॅनियन आधी ३७.५ टक्के कापून घ्यायचं. विक्री वाढली की ही कपात कमी होत जायची. उरलेल्या पैशांत गिऱ्हाइकाला सहा महिने सपोर्ट द्यायचा आणि अपडेट कायमचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एकदा कोड लिहिला आणि मग झोपेतही पैसे येतात. प्रत्यक्षात मूळ कोड एका पावसाळ्यात झाला, त्यानंतरची वर्षं तो जिवंत ठेवण्यात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये वूकॉमर्स ८.२ आलं आणि नव्या दुकानांच्या ऑर्डरी डेटाबेसच्या वेगळ्याच टेबलांत साठायला लागल्या. आमची डिलिव्हरीची तारीख जुन्या जागी लिहिली जायची. ती नव्या जागी नेण्यात आमची दिवाळी गेली. घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, दिसूही नये.

पर्चेस कोड नसलेल्या तिकिटाला आमचं ठरलेलं उत्तर असतं: कोड पाठवा, मग बोलू. ते चिकटवणारच होते, तेवढ्यात साइटच्या नावातला "हापूस" दिसला आणि खालचा पत्ताही. तुर्भे, एपीएमसी, फळ मार्केट. म्हणजे ऐरोलीहून लोकलने चौथं स्टेशन.

लॅपटॉपवर पत्ता टाकून साइट उघडली तर ठणठणीत. मग फोनवर गूगलमध्ये नाव शोधून त्यावर टिचकी मारली. दोन सेकंद आंब्याचा फोटो दिसला आणि लगेच रमीचा जाहिरातबाज पडदा. या जातीचं मालवेअर, म्हणजे साइटमध्ये घुसवलेला घातक कोड, लाजाळू असतं. लॉग-इन केलेल्या माणसाला तोंड दाखवत नाही, थेट पत्ता टाकून येणाऱ्यालाही बहुधा नाही. गूगलवरून, मोबाइलवरून येणारं अनोळखी गिऱ्हाईक तेवढं पळवतं. दिलेल्या नंबरवर फोन केला तर शेठच्या सूनबाईंनी उचलला. त्या हैराण झाल्या होत्या. "ताई, आमच्याकडे तर बरोबर उघडते हो! आणि गिऱ्हाइकं म्हणतात तुम्ही जुगार चालवता."

जोडीदारणीचं म्हणणं स्पष्ट होतं. ते आपले कस्टमर नाहीत, आज गेलीस की उद्या रांग लागेल. तिचं बरोबरच होतं. तरी मी गेले. त्यात दयेपेक्षा कुतूहल जास्त होतं. आमचं प्लगइन चालतं ते दुकान, इतक्या वर्षांत, मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

अक्षय तृतीया तोंडावर आलेली. सकाळचा सौदा उरकला होता, पण गाळ्यासमोर पेट्यांच्या थप्प्या तशाच होत्या, आणि माथाडींच्या वाटेत उभं राहिल्याबद्दल दोनदा ओरडून घेतलं. शेठ साठीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हटलं, त्यांनी मला ताई म्हटलं आणि पोटमाळ्यावर पाठवलं. तिथे सूनबाईंचा कॉम्प्युटर, एक पंखा आणि पावतीपुस्तकांचा ढीग.

आमच्या प्लगइनचं फोल्डर उघडलं. व्हर्जनचा आकडा ताजा, कोड मात्र दोन वर्षं जुना. आकडा कुणीतरी हाताने बदललेला, म्हणजे वापरणाऱ्याला अपडेट केल्याचं समाधान. लायसन्स तपासणारं फंक्शन काहीही विचारलं तरी "होय" म्हणेल असं कापलेलं. मी कधीतरी घाईत लिहिलेली "हे नंतर नीट करायचं" ही कॉमेंट मात्र जशीच्या तशी. शिवाय आम्ही कधीच न लिहिलेली एक फाइल. लायसन्सची तपासणी काढून फुकट वाटलेल्या अशा प्रतीला धंद्यातले लोक नल्ड प्रत म्हणतात. फाइल उघडली तर आतला मजकूर २०१७ पासून वर्डप्रेसवाल्यांच्या ओळखीचा, डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचं मालवेअर. असं बाधित प्लगइन किंवा थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) चालू केली की ते मालवेअर साइटवरच्या सगळ्या थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये आपला तुकडा चिकटवतं, वर्डप्रेसच्या मूळ फोल्डरात आपल्या फाइली टाकतं आणि त्याच होस्टिंगवरच्या, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेतल्या, शेजारच्या साइट्समध्येही शिरतं.

काका वर आले. मी त्यांना सांगितलं की हे प्लगइन आमचंच आहे, पण आमच्याकडून घेतलेलं नाही. फुकट वाटणाऱ्या एका साइटवरून उतरवलंय.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो पक्का व्यापाऱ्याचा. "फुकट वाटणाऱ्याला काय सुटतं?"

हा प्रश्न मला आजवर एकाही वेब डेव्हलपरने विचारलेला नाही. मी म्हटलं, "काका, त्याला तुमची गिऱ्हाइकं सुटतात. तुमच्या दारातून वळवून रमीवाल्याकडे पाठवायची, माणशी काहीतरी मिळतं. अशा हजारो साइट्स असतात त्याच्याकडे."

"म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत."

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी मार्केटमध्ये ही तक्रार काही थांबलेली नाही, त्यामुळे त्यांना ते सुचणारच. पण मला ते तितकंसं पटलं नाही. इथे आंबा बदललेला नव्हता. आंबा आमचाच होता, पेटीही आमचीच, आत कुणीतरी किडा सोडला होता. काकांनी मान हलवली. "मग चोरीच की. पोलिसात द्या त्याला."

इथे माझी पंचाईत झाली. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतं आणि त्यावर उभ्या असलेल्या प्लगइनच्या पीएचपी भाषेतल्या मुख्य कोडलाही तोच परवाना लागतो, असं वर्डप्रेसवाले मानतात. त्या परवान्यात विकायला मुभा आहे, तशीच घेणाऱ्याला प्रती काढून वाटायलाही. आमचं प्लगइन स्प्लिट लायसन्सवर आहे, म्हणजे पीएचपी जीपीएलखाली, पण चित्रं, सीएसएस (रंगरूपाचा कोड) वगैरे बाजारपेठेच्या परवान्याखाली. २०१३ मध्ये याच फोडीवरून वर्डप्रेसवाले आणि थीम विकणारे यांच्यात चांगलंच वाजलं होतं. तेव्हा नुसत्या प्रत काढण्याला मी छातीठोकपणे चोरी म्हणू शकत नव्हते. आत मालवेअर घालणं हा सरळ गुन्हा, पण तो करणारा कुठल्या देशात बसलाय कोण जाणे. हे सगळं त्या पोटमाळ्यावर सांगितलं तेव्हा सूनबाईंनी अगदी रास्त विचारलं, "मग लोक तुम्हाला ३९ डॉलर देतात कशाचे?" मी स्क्रीनवरच्या त्या दोन वर्षं जुन्या कोडकडे बोट दाखवलं. "हे असं जुनं राहू नये म्हणून."

एकटी ही साइट साफ करून भागणार नव्हतं. त्याच होस्टिंगवर आणखी काही साइट्स दिसत होत्या. ठाण्यातला एक क्लास, एक केटरर, एक दंतवैद्य. सगळ्यांत तोच तुकडा. यातली एक जरी राहिली तरी रात्रीत आंब्याची साइट पुन्हा बाधली असती. होस्टिंग ज्याचं त्या मुलाला सूनबाईंनी बोलावून घेतलं. कळव्याहून आला, विशीतला, घाबरलेला. मला वाटलं होतं त्याला झापायला मजा येईल. पण त्याने हिशेब मांडला आणि मी गप्प बसले. तोही फ्रीलान्सच, परदेशी कामं मिळवून देणाऱ्या साइटवर गिग, म्हणजे ठरल्या भावाच्या कामाची जाहिरात, लावणारा. चाळीस डॉलरमध्ये अख्खी साइट, त्यातले वीस टक्के कामं देणाऱ्या त्या साइटचे, वर पैसे आणण्याचा खर्च. शेठना त्याने तोच भाव लावला होता. "मॅडम, चाळीसमध्ये एकोणचाळीसचं प्लगइन कुठून घालू?" वेगळं बिल लावायचं होतंस, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणतं, दुसरा फुकट घालून देतो." हेही खरंच आहे. मला त्याचा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तीन आठवडे साइट विचित्र वागत होती आणि तो प्रत्येक वेळी कॅशे (साइटच्या पानांची तात्पुरती साठवण) साफ करून "झालं" म्हणत होता.

मग काम. आधी आंब्याच्या साइटवर व्हॉट्सॲप नंबराचं साधं पान लावलं, म्हणजे ऑर्डरी थांबायला नकोत. डेटाबेसमधून आठवड्याच्या ऑर्डरी उतरवून सूनबाईंना दिल्या. कार्डाचे आकडे पेमेंट गेटवेच्या पानावर भरले जात होते, साइटवर साठत नव्हते, त्यामुळे तो एक घोर टळला. मुलगा शेजारी बसला आणि आम्ही एकेक साइट घेतली. वर्डप्रेसच्या मूळ फाइली कमांडने पडताळून नव्याने टाकल्या, नल्ड थीम आणि प्लगइन्स मुळासकट काढली, कुणालाच माहीत नसलेले ॲडमिन युजर उडवले, सगळे पासवर्ड बदलले. दंतवैद्याच्या साइटचा पासवर्ड कुणालाच आठवेना, त्यात तास गेला. शेवटी गूगलला पुनर्तपासणीची विनंती पाठवली. तिचं उत्तर यायला काही दिवस लागणार होते. काकांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. व्हॉट्सॲपवर माणूस भाव तरी विचारतो, म्हणाले.

राहता राहिलं बिल. आमचे पैसे परदेशातून येतात. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दिलेलं असलं की निर्यातीवर जीएसटी शून्य. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला बिल करायची वेळ कधी आलीच नव्हती. नऊ टक्के सीजीएसटी, नऊ एसजीएसटी असं मांडून मी कागद पुढे केला.

"आंब्यावर जीएसटी नाही, आणि आंब्याच्या साइटवर अठरा टक्के?"

ताज्या फळांवर कर नसल्यामुळे त्यांना तो वळताही करून घेता येणार नव्हता, म्हणजे अठराच्या अठरा अंगावर. मग घासाघीस झाली. मला घासाघीस येत नाही; आमच्या दुकानात किंमत छापलेली असते आणि जर्मन बेकरीवाला ती मुकाट भरतो. कर धरून गोल आकडा ठरला, तो त्यांच्या मनातलाच होता असा मला अजून संशय आहे. लायसन्सचे पैसे वेगळे. ते मुलाने तिथेच बसून स्वतःच्या खात्यातून भरले आणि शेठकडून रोख घेतले. ऐरोलीत विक्रीची सूचना वाजली असणार, कारण लगेच जोडीदारणीचा मेसेज आला: "भारतातून सेल?? कोण हा?"

सोमवारी त्याच मुलाचं तिकीट आलं, पर्चेस कोडसकट. पनवेलकडे गाडी फक्त मंगळवारी जाते, तर त्या पिनकोडला बाकीचे वार बंद करता येतील का? ही सोय आम्ही मागच्या वर्षी घातली होती, त्यांच्या जुन्या प्रतीत ती असणं शक्यच नव्हतं. सेटिंग कुठे आहे ते दोन ओळींत लिहिलं आणि तिकीट बंद केलं.