निळा धूर, आणि न लावलेल्या गेजचे १९ दिवस

माझ्या गाडीच्या इंजिनातला दोष अखेर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसणाऱ्या, बोटाच्या पेरावर मावतील अशा रबरी सिलांमध्ये निघाला आणि तो दूर करायला दीड दिवस पुरला. त्याआधीचे १९ दिवस मात्र गाडी एका गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती, कारण तासाभराची एक तपासणी करायला तिथे कोणी तयार नव्हते. दुरुस्ती होऊन आता बरेच महिने लोटले, तरी त्या दिवसांचा राग मनातून गेलेला नाही. ज्यांची जुनी गाडी ऑईल खाऊ लागली आहे, त्यांचे तरी ते दिवस वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली आणि १,६०,००० किलोमीटर झालेली. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघे आणि मिनिटभरात विरून जाई. लांब उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्येच सोडली आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, की आरशात तोच निळा लोट दिसे. चढावर भरलेली गाडी ओढताना मात्र धूर जवळजवळ नसे. हा फरक मी आपल्या समाधानासाठी वहीत लिहून ठेवला होता. पुढे तोच सगळ्यांत मोलाचा ठरला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे आणि न विरणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे, एवढे मला माहीत होते, त्यामुळे निळा धूर ऑईलचाच याबद्दल शंका नव्हती.

ऑईल किती जाते तेही मी मोजले होते. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहायची, पातळी वरच्या खुणेपर्यंत आणायची आणि मोजून ओतायचे, असे तीन वेळा केल्यावर सुमारे ७०० किलोमीटरला एक लिटर असा हिशेब निघाला. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नाही, आणि तो लागण्याची वाटही पाहू नये. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑईलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे; तो लागेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असू शकते.

वही घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुख्य मेकॅनिकने इंजिन चालू केले, रेस केले, सायलेन्सरमागे हात धरला आणि दोन मिनिटांत सांगितले, "रिंगा गेल्या आहेत साहेब. इंजिनाचे काम काढावे लागेल. बोअर, पिस्टन, सगळेच." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची धातूची कडी आणि बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. मी वही पुढे केली, ती त्यांनी उघडली नाही. मी विचारले की आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजता येईल का. "मोजायचे काय त्यात, धूर दिसतोच आहे," असे उत्तर आले. मी हट्टच धरला, तेव्हा उद्या तो दाब मोजायचे गेज लावून फोन करतो असे कबूल झाले आणि मी किल्ली देऊन परतलो.

त्या उद्यापासून १९ दिवस गेले. पहिल्या चार दिवसांत गेज कोणीतरी मागून नेले होते. मग ते परत आले, पण आमच्या गाडीच्या प्लगच्या मापाचा जोड त्यात नव्हता. मग ज्याला ते लावता येते तो मुलगा रजेवर होता. प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न असे, की उघडायला परवानगी देता का, कारण उघडल्यावर सगळे कळेलच. हे वाक्य मी निदान सहा वेळा ऐकले आणि दर वेळी मला त्याचा अधिक संताप आला. इंजिन एकदा उतरवून सुटे केले की मालकाच्या हातात काही उरत नाही. सुटे भाग टेबलावर मांडलेले असताना कोणी म्हणत नाही की बोअर चांगला आहे, पुन्हा जोडून देतो. निदान आधी आणि पाना नंतर, एवढीच माझी मागणी होती आणि ती मला आजही अवाजवी वाटत नाही.

बाराव्या दिवशी मी न सांगता गेलो, तेव्हा आणखी दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे मला न विचारता ऑईल बदलून जाड, २०डब्ल्यू-५० प्रतीचे भरले होते, आणि तेही डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या बरेच वर. जाड ऑईलने धूर काही काळ कमी दिसतो, दोष जागच्या जागी राहतो. आणि प्रमाणाबाहेर भरलेले ऑईल क्रँकने (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या दांड्याने) घुसळले जाऊन फेसाळते व इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेण्याच्या, वाटेने जळायला जाते, म्हणजे एकाच कामात लक्षण झाकले आणि वाढवलेही. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. चारही स्पार्क प्लग नवे बसवून जुने फेकून दिले होते. कोणत्या सिलिंडरमध्ये ऑईल उतरते, किती उतरते, प्लगच्या एकाच बाजूला काजळीची खपली धरली आहे की तो सगळाच ओला आहे, हे सांगणारी माझ्याकडची एकमेव खूण ते प्लग होते. मी कचऱ्याचा डबा पाहू द्या म्हटले. तो आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. गाडी गॅरेजला देण्याआधी प्लग स्वतः काढून, सिलिंडरच्या क्रमाने त्यांचे फोटो काढून ठेवावेत, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यानंतरही मी आठवडाभर थांबलो, कारण "उद्या नक्की" हे शब्द इतक्या खात्रीने उच्चारले जात की प्रत्येक वेळी खरे वाटत. एकोणिसाव्या दिवशी मी किल्ली मागून घेतली. गेज तोपर्यंत लागले नव्हते.

दुसरे गॅरेज एका ओळखीच्या माणसाने सुचवले. तिथल्या मेकॅनिकने गाडीच्या आधी वही वाचली. मग सांगितले की प्लग नवे असल्यामुळे त्यांवरून आज काहीच कळणार नाही; जादा ऑईल काढून घेतो, ५०० किलोमीटर चालवून आणा. मी तसे केले आणि परतल्यावर त्यांनी मी मागत होतो ती तपासणी माझ्या देखत केली. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन व इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच फेरे. आकडे आले १६४, १६०, १६२ आणि १५७ पीएसआय. सिलिंडरांमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. इथे तो पाच टक्क्यांच्याही आत होता. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजले. रिंगा झिजलेल्या असत्या तर त्या ऑईलने फट भरून आकडा चांगलाच चढला असता. तो जेमतेम हलला.

मी सुटकेचा श्वास सोडला, पण त्यांनी लगेच सावध केले, आणि ही गोष्ट मला आधी कोणीच सांगितली नव्हती. पिस्टनवरच्या वरच्या दोन रिंगा दाब धरतात; ऑईल खरवडून खाली पाठवणारी तिसरी रिंग वेगळी असते. ती कार्बनने चिकटून बसली तर कॉम्प्रेशन उत्तम दिसूनही इंजिन ऑईल पिऊ शकते. म्हणून त्यांनी प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. रिंगांवाटे ऑईल वर येत असेल तर पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ दिसते. आमच्या पिस्टनांवर कडेपर्यंत कोरडा कार्बन होता, आणि दोन प्लगांवर इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूलाच काजळी साचली होती. त्याला वहीतली नोंद जोडली की चित्र पूर्ण झाले. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इनटेकमध्ये हवेची ओढ सर्वांत जास्त असते आणि दांड्यावरचा सील नीट धरत नसेल तर ती व्हॉल्व्हच्या दांड्यालगतचे ऑईल आत खेचते. रात्रभर उभ्या गाडीत तेच ऑईल थेंबाथेंबाने खाली उतरते. रिंगांचा धूर असता तर तो चढावर, ताण पडताना जास्त दिसला असता.

तरीही त्यांनी आधी सगळ्यांत स्वस्त भाग बदलला, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) वाफ इनटेककडे नेणारा हा लहानसा भाग उघडा अडकला तर वाफेबरोबर ऑईलही ओढले जाते, आणि बंद अडकला तर आतला दाब वाढून गास्केटांमधून ऑईल झिरपते. आमचा काढून हलवल्यावर वाजायला हवा तसा वाजला नाही, आतून चिकटला होता. तो बदलल्यावर खप थोडा घटला, सकाळचा लोट राहिला. पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह सील बदलायचे ठरले.

त्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागले नाही. टॅपेट कव्हर काढले, टायमिंगच्या खुणा जुळवून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बाजूला केला, ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याचा पिस्टन अगदी वर आणला आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वरच धरून ठेवले, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर ते आत पडत नाहीत. ऑईल खाली जाण्याची भोके आधी फडक्यांनी बुजवली होती, कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारा एखादा लॉक त्यातून निसटला तर तो शोधायला ऑईल पॅन उतरवावा लागतो. प्रत्येक दांडा हलवून गाइडमधला, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यातला, ढिलेपणाही पाहिला. गाइड झिजलेले असतील तर नवे सील फार काळ टिकत नाहीत. जुने सील मी मागून घेतले. नवा सील बोटांत दाबला की लवचिकपणे परत फुलतो. जुना नखाने दाबल्यावर तडकला. इतक्या वर्षांच्या उष्णतेने त्या रबराचे जवळजवळ प्लॅस्टिक झाले होते.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस धूर चालूच होता आणि मी पुरता घाबरलो होतो. सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑईल जळून जायला वेळ लागतो, हे मला फोन केल्यावर कळले. सुमारे ३०० किलोमीटरनंतर धूर थांबला. तोपर्यंत कोणीही निराश होऊन पुन्हा इंजिन उघडायला देऊ नये.

गाडी ऑईल खाते, वरून घालत राहिले की झाले, असे मला अनेकांनी सांगितले होते. त्यात एक नुकसान लपलेले आहे. ऑईल जळते तेव्हा त्यातले फॉस्फरस आणि जस्त सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतात आणि तो निकामी होऊ लागतो. माझा वाचला, तो केवळ मी लवकर हलल्यामुळे, आणि ते १९ दिवस गाडी उभी होती म्हणून. चालती असती तर त्या दिवसांत आणखी लिटर-दोन लिटर ऑईल त्यातून गेले असते.

ऑईल आता उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे भरतो. वही अजून चालू आहे. सील बदलल्यापासून ४,००० किलोमीटर झाले आणि या सगळ्या अंतरात मिळून मी ४०० मिलिलिटर ऑईल वरून घातले आहे.