वनराज भाटिया ऐकताना

आज दुपारभर संगीतकार वनराज भाटिया ऐकले. दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’ मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू झालं की अजूनही अंगावर काटा येतो. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त समूहस्वरांत असं उभं करणं त्यांनाच सुचावं! लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, पॅरिसमध्ये नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण, आणि मुंबईत परतल्यावर काम कसलं, तर जाहिरातींच्या जिंगल्सचं. (तेही मनापासून केलं, हे मला फार मोठं वाटतं.) १९७४ मध्ये ‘अंकुर’ चित्रपट, पुढे त्याचे दिग्दर्शक श्याम बेनेगलांची कितीतरी वर्षांची साथ. ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. तरीही अखेरची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली. २०२१ मध्ये ते गेले. एवढ्या मोठ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचा मला खरंच राग येतो.