जुन्या गाडीचा वास

मंगळवार, रात्री साडेदहा

तीन दिवस झाले, एक वाक्य मनातून जात नाही. शनिवारी सकाळी गाडी बाहेर काढत असताना वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, पंधरा दिवस झाले, मी विडी ओढायला पार फाटकाबाहेर जातो. तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास येतो ना." मी विचारले, "मामा, मग आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही रोज बसता गाडीत. तुम्हाला ठाऊकच असणार असं वाटलं."

मला ठाऊक नव्हते. निदान शनिवारी मी स्वतःला तसे सांगितले. एखादा वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते, हे खरे आहे. पण रात्रभर घरात झोपून सकाळी जिना उतरणाऱ्या माणसाला हे कारण लागू पडत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते, आणि आमच्या पार्किंगला तीन बाजूंनी भिंती आहेत. एक ठिणगी पुरली असती. मामा पंधरा दिवस रोज रात्री उठून फाटकाबाहेर जात होते.

रविवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली आणि बॉनेट उघडून बसलो. १९९८ सालची, कार्बोरेटरची मारुती ८०० असल्यामुळे पहिला संशय इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा. त्यातला पडदा फाटला तर पेट्रोल खालच्या बारीक भोकातून ठिबकते, नाहीतर इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली, पेट्रोलचा वास नव्हता आणि पातळीही वाढलेली नव्हती. पंप कोरडा. कार्बोरेटरच्या नळ्या कोरड्या. गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरला, तो संध्याकाळपर्यंत कोराच राहिला. त्याच वेळी दादाचा फोन आला. त्याचे तेच जुने म्हणणे, ते आज इथे लिहीत नाही. फोन ठेवल्यावर मात्र फार एकटे वाटले. अप्पांच्या मागे या गाडीचे सगळे माझ्याच वाट्याला आले, कागदपत्रे, पासिंग, दुरुस्ती, आणि आता हेही. आणि तिला काय होते आहे ते मलाच कळत नाही.

काल मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही न लावता विचारले, "टाकी किती भरलीय?" अर्धी होती. "सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लावते का?" हो, महिनाभर लावते आहे. त्यांनी कॅनमधून टाकी काठोकाठ भरली, गाडी वर घेतली आणि मागच्या चाकाजवळ बॅटरीचा टॉर्च धरला. पाच-सात मिनिटांनी टाकीकडून येणाऱ्या लोखंडी पाइपाच्या रबरी जोडावर ओल चमकली, थेंब झाली आणि सुटली. टाकी भरलेली असते तेव्हा पेट्रोलची पातळी त्या जोडाच्या वर असते, म्हणून उभ्या गाडीतून ठिबकते. पातळी खाली गेली की ठिबकणे थांबते आणि त्याच चिरेतून पंप हवा ओढतो, म्हणून सकाळी सेल्फ मारत राहावे लागते. मी वाईला जाण्यासाठी टाकी भरली त्यालाही बरोबर पंधरा दिवस झाले होते.

नाना पेठेतून नवी नळी आणली, जे ३० आर ९ ही पेट्रोलच्या नळीच्या दर्जाची खूण छापलेली, इथेनॉल सोसणाऱ्या आतल्या अस्तराची. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि ते या गाडीच्या जुन्या रबरासाठी नाही, हे खरे. पण ती नळी माझ्या हातात गाडी आल्यापासून एकदाही बदललेली नव्हती, हे जास्त खरे. क्लिपाही नव्या घातल्या. जुना तुकडा मी मागून घेतला. आत्ता तो समोर वर्तमानपत्रावर आहे. बोटभर लांब, बाहेरून धड दिसणारा. वाकवला की क्लिपेच्या खुणेलगत केसासारख्या चिरा उघडतात आणि सोडला की मिटतात.

तो वाकवता वाकवता आज संध्याकाळी कळले. वास मला येत होता. दार उघडताना रोज येत होता, आणि मी मनात म्हणत होतो, जुनी गाडी आहे, असा वास असायचाच. सेल्फ लांबला की म्हणत होतो, वय झाले. आईच्या गुडघ्यांविषयीही मी गेल्या आठवड्यात हेच... असो, ते उद्या. वास न येणे हा नाकाचा दोष ठरला असता तर बरे वाटले असते. तसे नाही, एवढे आज मान्य केले, आणि मान्य केल्यावर शनिवारपासूनची छातीतली घट्ट गाठ थोडी सैल झाली. ज्या माणसाला वासाचे कारण शोधावेसे वाटले नाही तो मीच, आणि गाडीला आता माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही.

आज मुद्दाम टाकी पूर्ण भरून आणली आणि खाली नवा पुठ्ठा अंथरला. मग मामांना बोलावले, कारण माझ्या अंदाजावर अजून माझा विश्वास नाही. ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले, दोनदा खोल श्वास घेतला. "आत्ता तर नाही येत," म्हणाले, "पण सकाळी परत बघतो." विडी ओढायला ते आजही फाटकाबाहेरच गेले.