सारंगखेड्याच्या यात्रेतली किड्यांची सर्कस

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला लोक घोडे बघायला जातात, आम्हीपण त्यासाठीच गेलेलो. दोंडाईच्याला रेल्वेतून उतरायचं, पुढे जीप, तापीचा पूल ओलांडला की दत्तजयंतीची यात्रा. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, घोडेबाजार झाला, शेवभाजी खायला निघालो तर पाळण्यांमागे एका पत्र्याच्या पेटीभोवती पोरांचा घोळका.

पेटीत हातभर रुंदीची सर्कस! तंबू, रिंगण, झुले, आणि कलाकार सगळे किडे, तार-पत्रा आणि जुन्या घड्याळांच्या चाकांपासून बनवलेले. मुंगळा सायकल चालवतो, नाकतोडा रिंगमधून उडी मारतो, शेणकिडा गोळा ढकलत फळी चढतो. मग झुल्यावर आली गुलाबी बोंडअळी, आणि मागे उभे असलेले एक आजोबा ओरडले, "हाई आठे बी उनी का!" (ही इथेपण आली का!) कपाशीवाल्यांचा मुलूख, सगळे पोट धरून हसले.

खेळ करणारे आबा काहीच लपवत नाहीत, हे मला फार आवडलं. आधी पोरांना रिंगणाच्या प्लायखालचा लोहचुंबक दाखवतात, मग शेणकिडा उलटा करतात. पोटात जुन्या मोबाईलची व्हायब्रेटर मोटर, तिच्या दांड्यावर एकाच बाजूला वजन असतं म्हणून ती थरथरते, आणि पायांना टूथब्रशचे तिरके केस, त्यामुळे थरथरत तो पुढेच सरकतो. एवढं सगळं कळल्यावरही किडा फळीच्या टोकाला डगमगला की पोरं "पडना, पडना!" म्हणून किंचाळतात, आणि खरं सांगतो मीपण श्वास रोखला होता! कारागिरी म्हणतात ती हीच, युक्ती माहीत असूनही जीव अडकतो.

युरोपात हा प्रकार जुना आहे. १५७८ मध्ये लंडनच्या मार्क स्कॅलिअट नावाच्या कारागिराने ४३ कड्यांची सोन्याची साखळी बनवून पिसूला बांधली होती म्हणतात, पुढे १८३० च्या दशकात बर्टोलोट्टोने तिथेच रीजंट स्ट्रीटवर पिसवांचे खेळ लावले. नंतर काही खेळांत पिसू नसायचीच, चुंबक आणि तारांवर सगळं चालायचं. पण तिथे ते लपवायचे, आबा उघडून दाखवतात.

जाणार असाल तर अंधार पडल्यावर जा, दिवसा पत्र्यावर ऊन चमकतं आणि किडे नीट दिसत नाहीत. आणि लाज न बाळगता पोरांसोबत पुढे जमिनीवर बसा, मागून फक्त डोकी दिसतात.