कार्पल टनेलचं इंजेक्शन सोपं, एनसीव्हीची चिठ्ठी अवघड

इंजेक्शन दुखतं का, हेच सगळ्याजणी मला विचारतात. दुखतं, पण थोडंच. डोक्यात गेलं ते एनसीव्ही, म्हणजे बारीक शॉक देऊन नस किती वेगानं चालते ते बघायची टेस्ट.

मी तासगावात ब्लाउज शिवते. उजव्या हाताचा अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर व्हायची, करंगळीला मात्र काही नाही. झोपेतून उठून हात झटकत बसायचं. पुढं पुढं कात्री पण धरवेना. मिरजेला ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मनगट वाकवून धरायला लावलं तर मिनिटाच्या आत मुंग्या, म्हणाले कार्पल टनेल आहे, मनगटात नस दाबली जातेय. थायरॉइड, शुगर तपासली, रात्री बांधायचा पट्टा दिला. थोडा फरक पडला, पण शिवण काही जमेना, म्हणून इंजेक्शन द्यायचं ठरलं. फक्त त्याआधी एनसीव्ही करून आणा म्हणाले, नस किती दाबलीय ते कळू दे.

आता ही टेस्ट त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर, आठवड्यातले ठरावीक दोनच दिवस. तारीख मिळाली ती पण लांबची. त्या दिवशी सकाळची एसटी पकडून गेले तर काउंटरवरची मुलगी चिठ्ठी बघून म्हणते, "मावशी, यावर नुसतं एनसीव्ही लिहिलंय. कुठला हात, एक का दोन्ही, काहीच नाही. डॉक्टरांकडून लिहून आणा." डॉक्टर ऑपरेशन थिएटरात. अगं, मी समोर उभी आहे, बधिर हात दाखवतेय, खाली एक फोन कर ना! नाही, सहीच पाहिजे. सही घेऊन वर येईस्तोवर टेस्टची वेळ संपलेली, "आता नवीन तारीख घ्या." नवीन तारखेला टेक्निशियन रजेवर. रजिस्टरमध्ये माझा मोबाईल नंबर ठळक अक्षरात लिहिलेला होता, पण कळवायचं कुणाला सुचलं नाही. लग्नसराईची शिवण घरात पडून आणि मी बाकड्यावर बसून भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचतेय. म्हणून सांगते, चिठ्ठी हातात पडली की ओपीडीतच वाचा, हात आणि सही बघा, आणि निघायच्या आधी टेक्निशियन आलाय का ते फोन करून विचारा.

शेवटी टेस्ट झाली. खोलीत एसी एवढा की हात गारठला. हात गार असेल तर नस मंद चालते आणि रिपोर्ट चुकीचा येतो, म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी धरून बसवलं. मग एसी कमी करा ना बाबांनो! हाताला तेल, क्रीम काही लावून जाऊ नका, हे पण तिथं गेल्यावर सांगतात. बारीक शॉक देतात, सोसण्यासारखे असतात.

इंजेक्शन म्हणजे स्टिरॉइड आणि सोबत बधिर करायचं औषध, मनगटाच्या घडीजवळ देतात. बोटात एकदम करंट गेल्यासारखं झालं तर हात न हलवता लगेच सांगा. नंतर काही तास बोटं सुन्न असतात, गाडी चालवायला कुणीतरी बरोबर न्या. पहिल्या रात्री ठणकलं, बर्फ लावला. आठवडाभरात शांत झोप लागायला लागली, मला तर दिवाळी झाल्यासारखं वाटलं. पट्टा अजून बांधते.

हा गुण कायमचा नसतो, काही महिन्यांनी त्रास परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. आणि अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजायला लागलं असेल तर इंजेक्शनवर वेळ न काढता ऑपरेशनचं विचारा. हो, शुगरवाल्यांनी आधी सांगून ठेवा, माझ्या जाऊबाईंची इंजेक्शननंतर काही दिवस चांगलीच वाढली होती.

एनसीव्हीच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल फाईलला लावतात आणि मग फाईल सापडत नाही. मी तीन काढल्यात, एक कपाटात, एक लेकाकडे, एक शिवणाच्या पेटीत.