आधी गळती, मग गॅस : आमची वाटचाल

नागपुरात आमचे वर्कशॉप सुरू झाले तेव्हा गाड्यांच्या एसीत आर-१२ गॅस असे आणि गळती शोधायला हॅलाइड दिवा. माझे भागीदार मूळचे फ्रिज दुरुस्तीतले. दिव्याची नळी जोडांजवळून फिरवताना गळणाऱ्या गॅसातल्या क्लोरीनने निळसर ज्योत हिरवी झाली, की ते काही न बोलता तिथे खडूने खूण करीत. पुढे त्याच्या जागी आर-१३४ए हा गॅस आला. त्यात क्लोरीनच नसल्यामुळे दिवा निरुपयोगी ठरला आणि आम्ही इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर घेतला. नळी जोडाच्या खालच्या अंगाने सावकाश न्यायची ही भागीदारांची शिस्त मात्र तशीच ठेवली, कारण हा गॅसही हवेपेक्षा जड असतो.

नंतरची बरीच वर्षे धंदा बरा चालला. मग समोरच्या बाजूला एकाने दुकान थाटले आणि आमच्या निम्म्या दरात, अर्ध्या तासात ‘फुल गॅस’ देण्याची पाटी लावली. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना ‘गाडी दुपारपर्यंत ठेवा, आधी गळती शोधू’ हे ऐकायला कोण थांबतो? आमचे हाताखालचे कारागीर तिकडे गेले, गाडीतला गॅस ओढून साठवणाऱ्या गॅस रिकव्हरी मशीनच्या कर्जाचे हप्ते थकले, आणि आपणही तशीच पाटी लावावी की नाही या वादातून भागीदारांनी अंग काढून घेतले. तो विषय येथे वाढवत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टिकून राहिले ते छिंदवाड्याच्या मार्गावर गाड्या चालवणारे एक ट्रॅव्हल्सचे मालक. त्यांची एक गाडी चालकाने परस्पर समोरच्या दुकानात नेऊन भरून आणली होती आणि काही आठवड्यांतच तिचा गारवा गेला. उरलेला गॅस आम्ही मशीनने ओढून घेतला, नायट्रोजनचा १५० पीएसआय दाब दिला, तरी बॉनेटखाली साबणाचा फेस कुठेच फुगेना. गेजचा काटा मात्र हळूहळू उतरत होता. शेवटी डॅशबोर्ड उतरवला, तेव्हा कूलिंग कॉइलच्या जोडावर बुडबुडे दिसले. खरे कोडे वेगळेच होते : गॅस काढण्यापूर्वी, कॉइलचे पाणी बाहेर सोडणाऱ्या ड्रेन पाइपापाशी धरलेला डिटेक्टर गप्प का राहिला? आमचा डिटेक्टर हॅलोजन, म्हणजे क्लोरीन-फ्लोरीनच्या जातीची मूलद्रव्ये ओळखतो, आणि त्या गाडीत भरलेला होता स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही हायड्रोकार्बन, ज्यात ती नसतातच. त्याचा दाब आर-१३४एच्या आसपास राहत असल्याने गेजवरही संशय येत नाही. कॉइल गळत असल्यामुळे तो थेट प्रवाशांच्या बाजूला येत होता. शिवाय तोच गॅस आमच्या मशीनच्या सिलिंडरमधल्या चांगल्या गॅसात मिसळला आणि सगळा साठा वाया गेला. ते नुकसान आम्हीच सोसले, समोरच्या दुकानदाराला कोणी जाब विचारला नाही. आता कोणतीही गाडी मशीनला जोडण्यापूर्वी आम्ही गॅस ओळखणारे यंत्र लावतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना, विचारले नसले तरी, सांगतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही; तो कमी झाला म्हणजे कुठेतरी वाट आहे. गेज लावण्याआधी डोळ्यांनी पाहा, कारण गॅसबरोबर तेलही झिरपते आणि त्यावर धूळ बसून काळपट डाग पडतो. कंडेन्सरचा खालचा भाग, कॉम्प्रेसरचे शाफ्ट सील आणि भरण्याच्या व्हॉल्व्हची पिन येथे पहिली नजर टाका. पंपाने हवा ओढून केलेला व्हॅक्यूम टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका. काही गळत्या दाबाखालीच उघड्या पडतात. नायट्रोजन नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा, परंतु ऑक्सिजन कधीही भरू नका, तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. आणि गॅस भरताना बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको.

त्या मालकांच्या सगळ्या गाड्या आजही आमच्याकडेच येतात. आमच्या बिलात गळती शोधण्याची मजुरी वेगळी लिहिलेली असते, आणि घासाघीस करणाऱ्यांना मी गॅसच्या दरात सूट देतो, त्या मजुरीत देत नाही.